आभाळाकडे वळवलेला आरसा

२७ मे, मंगळवार

पोचले! एकदाची पोचले! जन्मभर खालच्या गावातून ज्या डोंगरावरचे दिवे बघत आले, त्या नान्योकीच्या डोंगरावर आज मी स्वतः बसलेय. कामाला नाही, कुणाला डबा द्यायला नाही – पाहुणी म्हणून!

आमच्याकडचा मार्च ते मेचा पाऊस सरला की जूनमध्ये हे लॉज उघडतं. त्याआधी इथल्या पोरांचा हात बसावा म्हणून नोकरांच्याच घरची माणसं चार-पाच दिवस पाहुणे करून ठेवतात. माझी लेक नैसुला इथेच कामाला, तिनं माझं नाव दिलं. घरी म्हातारा म्हणाला, "जा तू. मला बकऱ्या आहेत. आणि सिंह बघायला इतकं वर कशाला चढायचं? ते आपल्याच कुंपणात येतात की!" त्याला काय कळतंय! मी सिंह बघायला आलेच नाहीये. मी माझी पोर बघायला आलेय.

यंदा गाइडची जागा एकच आहे. मागणारे दोघे – माझी नैसुला आणि कुणी कारिसा म्हणून समुद्रकिनाऱ्यावरचा मुलगा आहे, गाड्या दुरुस्त करतो, तो. या डोंगरावर आजवर एकही बाई गाइड झालेली नाही. परीक्षा घेणार लेशोरे, इथला सगळ्यात जुना गाइड. माझ्यासारख्या पाहुण्यांना गाडीतून हिंडवून आणायचं, शेजारी लेशोरे बसणार, शनिवारी निकाल. झालीच पाहिजे ती! झाली नाही तर मी या डोंगराकडे परत मान वर करून बघणार नाही.

येताना गंमतच. अर्ध्या चढावर गाडीनं मान टाकली. नैसुला किल्ली फिरवून फिरवून दमली. मग वरून एकजण पळत आला आणि थेट गाडीखाली घुसला. नुसते पाय बाहेर. मी त्या पायांना म्हटलं, "अरे, लवकर आटप, माझा चहा थंड होतोय वर!" पाय म्हणाले, "मावशी, आधी या म्हातारीला पाजू द्या, मग तुम्हाला!" मला हसूच आलं. चांगलाच बोलका दिसतोय म्हणून मी विचारलं, तू कोण रे? तेवढ्यात नैसुला म्हणाली, "कारिसा, ही माझी आई."

पाय एकदम गप्प. पाना खाली पडला. गाडी चालू झाली, आम्ही निघालो, तरी बाहेर येईना! आम्ही पुढे गेल्यावर मागे बघते तर रस्त्याच्या मधोमध तसाच उताणा पडलेला.

अच्छा, म्हणजे हा तो. स्पर्धा आहे म्हणून तोंडसुद्धा दाखवायचं नाही? बरं बाबा.

२८ मे, बुधवार

काल रात्री झोपायला गेले तर माझ्या अंथरुणात काहीतरी होतं. गरम! मऊ! मी किंचाळले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि जे काय बडवलं! पाणीच पाणी. कुणीतरी पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली होती – पाहुण्यांचे पाय शेकायला. सकाळपासून सगळं लॉज माझ्याकडे बघून हसतंय. हसू देत. अंथरुणात गरम काही लागलं तर आमच्या गावात आधी मारतात आणि मग बघतात.

खोलीला चौथी भिंतच नाही. पलंगावर पडल्या पडल्या खालचं सगळं रान दिसतं – कोरडी नदी, पाणवठा, पलीकडे माझं गाव, माझ्या शाळेचं पत्र्याचं छप्पर. आंघोळही उघड्यावर, डोक्यावर आभाळ. तीस वर्षं ज्या पोरांना मी नाक पुसायला शिकवलं, ती पोरं पांढरे शर्ट घालून माझ्यापुढे वाकतात, "मॅडम, सूप?" मी म्हणते, "नीट उभा राहा, पाठीला बाक काढू नकोस." लगेच, "हो बाई!"

इथल्या मॅनेजर म्वेन्देबाई. नैरोबीहून आल्यात, कडक आहेत, पण मनानं चांगल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही जरा त्रासदायक पाहुणी व्हा हं. कुरकुर करा, नको ते प्रश्न विचारा. पोरांची परीक्षा व्हायला हवी." बाई, हे मला शिकवायला हवंय?

दुपारी जेवणाच्या वेळी धमाल. टेबलाशी ताट घेऊन कोण यावं? लेमायान! माझ्या बहिणीच्या पोरीचा नवरा. मला बघितलं मात्र, ताट जमिनीवर ठेवलं आणि जो पळाला तो थेट बाभळीमागे. मीही खांद्यावरची चादर, माझी शुका, तोंडावर ओढून भिंतीकडे वळले. म्वेन्देबाई संतापल्या. "हा काय उर्मटपणा! पाहुण्यांसमोरून पळून जातो?" मी म्हटलं, "अहो, उलट फार सभ्य पोरगा आहे. बहिणीचा जावई म्हणजे माझाही जावई. आमच्यात सासू-जावई एकमेकांसमोर येत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, समोर बसून खात नाहीत. याहून मोठा मान नाही." त्या बघतच राहिल्या. "मग घरी कसं जमतं?" म्हटलं, घरी झाडं पुष्कळ आहेत!

लेमायानला दुसऱ्या टेबलांवर घातलंय. तरी दिवसभर तो या झाडामागून त्या झाडामागे.

संध्याकाळी

चहाच्या वेळी शेकोटीपाशी सगळे बसले होते. कारिसाही होता, काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत. मी गेले तर हा उठला! बशी तशीच टाकून पाण्याच्या टाकीमागे. मी मोठ्यानं म्हटलं, "मी काय चावते का?" कुणी हसलं नाही. नैसुला म्हणाली, "आई, जाऊ दे ना." तोंड लाल झालं होतं पोरीचं. तिलाही राग आला असणार.

लेमायान पळतो ते ठीक, तो आपला आहे. याला काय धाड भरलीये? समुद्रावरचा माणूस. माणसांत बसायची रीत नसेल तिकडे. मासे खातात म्हणे रोज. मासे! सापाचे भाऊबंद ते!

२९ मे, गुरुवार

काय लिहू! कुठून सुरुवात करू!

आज नैसुलाची फेरी. पहाटे गाडीत बसलो. पुढे ती आणि लेशोरे, मागे मी एकटी. लेशोरे म्हणजे दगड. डोक्यावर हिरवी टोपी, हनुवटी छातीवर, झोपलाय की जागा कळत नाही. मी ठरवल्याप्रमाणे सुरू झाले. "गाइड, या जंगलात वाघ कधी दिसणार?" नैसुला शांतपणे, "मॅडम, वाघ आपल्या देशात नाही. पण त्याच्या चुलतभावाला शोधून देते." "गाइड, मला ऊन लागतंय." टोपी हजर. "गाइड, मला खाली उतरायचंय." "मॅडम, त्या झुडपापाशी नाही. आधी मी बघून येते." गेली, बघून आली, मग मला उतरू दिलं. स्वतःच्या आईला मॅडम म्हणताना एकदाही हसली नाही! मला मात्र शुका तोंडात कोंबावी लागली.

नदीच्या वळणावर तिनं गाडी एकदम बंद केली. "ऐका." मला काही ऐकू येईना. मग खडकांवरची बबून माकडं ओरडायला लागली. एकच टोळी, एकाच दिशेला तोंड करून. नैसुला म्हणाली, "त्यांचं तोंड जिकडे, तिकडे तो." गाडी हळूहळू, हळूहळू मागे घेतली, वर चढवली, थांबवली. "उजवीकडे, वरचा सपाट खडक."

बिबट्याची मादी! दोन पिल्लांसह! एक पिल्लू आईची शेपटी चावत होतं आणि ती तशीच पडून, कान हलवत. मी सगळं विसरले. त्रासदायक पाहुणी, मॅडम, सगळं! "अगं नैसुले! अगं बघ बघ!" करून तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. मादीनं मान उचलून आमच्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, पळणार, मीच घालवली! पण नैसुलानं एक हात मागे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. नुसता ठेवला. मी गप्प बसले. मादीनं मान परत टेकवली.

साठ वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी राहिले, पण बिबट्या म्हणजे मेलेली बकरी एवढंच मला ठाऊक. आज माझ्या लेकीनं मला बिबट्याचं घर दाखवलं.

उतरल्यावर तळहातावर थुंकून तिच्या कपाळाला लावला. आशीर्वाद. लेशोरे बघत होता. बघू दे! तो एवढंच म्हणाला, "उद्या कारिसा. तुम्हीच बसा मागे. दोघांनाही तीच पाहुणी." चेहऱ्यावर काही नाही.

नैसुला का कुणास ठाऊक, दचकली. "काका, उद्या दुसऱ्या कुणाला बसवा ना. आई दमलीये." मी दमलेय? मी! म्हटलं, "मुळीच नाही! उद्या तर मी येणारच!"

३० मे, शुक्रवार

जिवंत आहे. आधी ते लिहून ठेवते.

आज कारिसाची फेरी. सकाळी गाडीजवळ गेले तर स्वारी आधीच आत, तोंड पुढे, मान ताठ. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी मागे बसले. आणि बघते तर काय – ड्रायव्हरसमोरचा आरसा वर वळवलेला! त्यात नुसतं आभाळ. मी म्हटलं, "गाइड, आरसा नीट करा." तो लेशोरेला म्हणाला, "पाहुण्यांना सांगा, ठीक आहे तो." मी इथे दोन हातांवर बसलेय आणि हा लेशोरेला सांगतोय! मग मीही पेटले. "गाइड, वाघ कुठे?" तो लेशोरेला, "पाहुण्यांना सांगा, वाघ नाही, पण जिराफ दाखवतो." लेशोरे तोंडावर टोपी ओढून बसला होता. खांदे हलत होते त्याचे. खोकला असेल.

खोटं का बोलू, गाडी मात्र सुरेख चालवतो. खड्डा पोटाला कळत नाही. आणि सांगतोही छान, सगळं लेशोरेला. कोणत्या बाभळीत मुंग्या राहतात, जिराफ तिथून लवकर तोंड का काढतो... मी ऐकत होते. मला काही अगदीच रेडा वाटला नाही तो.

नदीपात्राच्या अरुंद वाटेत जिराफ समोर आले म्हणून त्यानं गाडी थांबवली. सगळे पुढे बघतायत. मला मागून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. वळून बघितलं.

हत्ती! एकटा नर, गालांवरून मदाचे ओघळ, कान पसरलेले, आणि आमच्याच वाटेनं! धावत नव्हता, पण थांबतही नव्हता. मी ओरडलेच – "कारिसा! मागे! मागे हत्ती!"

त्यानं सवयीनं आरशात बघितलं. आरशात आभाळ. तेवढ्यात हत्ती गाडीच्या मागच्या चाकाशी. कारिसानं किल्ली फिरवली – नाही. पुन्हा – चालू! पुढे जिराफ, दोन्हीकडे काठ. त्यानं गाडी थेट काटेरी झुडपात घातली, काठ चढवला, माझं डोकं छताला आपटलं, आणि आम्ही वर. हत्ती खालून सोंड उंचावून ओरडत गेला. जीव भांड्यात पडला.

लेशोरेनं हात लांब केला आणि तो आरसा सावकाश सरळ केला. मग कारिसानं डोळेच खाली घातले. परत येईपर्यंत नुसता रस्त्याकडे बघत होता.

खोलीत आल्यावर मी चक्क टाळी वाजवली. गेली त्याची परीक्षा! आरसा आभाळाकडे करून गाडी चालवणारा माणूस गाइड होणार? नैसुलाच होणार! म्हाताऱ्याला निरोप पाठवू का आत्ताच?

नको. निकाल लागू दे.

३१ मे, शनिवार, सकाळी

निकाल कधी, म्हणून म्वेन्देबाईंना तीनदा विचारून झालं.

दुपारी

नैसुला! नैसुला! माझी नैसुला! नान्योकीच्या डोंगरावरची पहिली बाई गाइड!

लेशोरेनं सगळ्यांसमोर आपली हिरवी टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी नाकापर्यंत आली. स्वयंपाकघरातल्या बायकांनी ताटं बडवली, गाणं धरलं, मीही गळ्यातले मणी उडवत नाचले – म्वेन्देबाईंनाही ओढलं! लेमायान टाकीमागून ओरडत होता, "बाईंना सांगा, मीही नाचतोय!"

नैसुला मात्र उभीच. नजर नुसती गॅरेजकडे.

संध्याकाळी

सगळं सगळं वेगळंच निघालं.

नैसुला माझ्या पायरीवर येऊन बसली. जेवली नव्हती. मी म्हटलं, "अगं जिंकलीस ना? मग हे काय सुतकी तोंड?"

"आई, त्यानं आरसा का वळवला होता, विचारलंस कुणाला?"

"त्यात काय विचारायचं? मूर्ख आहे म्हणून."

"तुझं तोंड दिसू नये म्हणून."

"का? माझ्या तोंडाला काय झालंय?"

नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि मला एकदम लेमायान आठवला. ताट टाकून पळणारा लेमायान. बाभळीमागचा लेमायान. मग गाडीखालचे ते पाय, शेकोटीवरून उठणं, टाकीमागे जाणं, "पाहुण्यांना सांगा"... कपाळावर हात मारला मी. तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि एवढं साधं दिसलं नाही! किनाऱ्यावरचा म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही की हाही आपल्यासारखं वागू शकेल.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"आणि ही रीत त्याला शिकवली कुणी?"

"लेमायाननं. मी म्हटलं त्याला, अरे, मागणी झालेली नाही, आत्तापासून लपायची गरज नाही. तर म्हणतो, मागणी झाल्यावर सगळेच मान देतात. मी आधीपासून देतो."

मग मी चिडले. आता का चिडले ते मलाही नीट सांगता येणार नाही, पण चिडले. म्हटलं, "मासे खातो तो!" म्हणाली, "हो." "गुरं किती आहेत त्याची?" "गुरं नाहीत. भावांमध्ये मिळून एक होडी आहे." "होडी! होडी काय दूध देते? तुझ्या बापाला काय सांगू मी, होडी आणतोय म्हणून?" तिला हसू आलं आणि लगेच रडूही. "आई, मला अशी जिंकायची नव्हती ही जागा."

ते मात्र लागलं मला. पोरीचा आनंद मी पुरता बघितलाही नव्हता आणि तो असा खराब झाला. उठले आणि तशीच लेशोरेकडे गेले. तो चुलीपाशी चहा घेत होता. म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"गाडीत बसल्या बसल्या कळलं. हसू दाबून दाबून पोटात कळ आली माझ्या."

"मग नापास का केलंस त्याला? बिचाऱ्यानं मान दिला मला!"

"दिला. पण हत्तीला नातं कळत नाही, बाई. आणि एक ऐका, तुमची पोर आरशामुळे जिंकली नाही. बबूनच्या आवाजावरून बिबट्या काढला तिनं, चिमटा खाऊनसुद्धा गाडी हलू दिली नाही. मी गुरुवारीच ठरवलं होतं. जा, सांगा तिला." मग म्हणाला, "त्यालाही पुढच्या वर्षी बसवीन. तुम्हाला मागे न बसवता!"

"त्यानं कारण सांगितलं तुला?"

"मी विचारलं. म्हणाला, चुकलं. तुमचं नाव नाही घेतलं, तिचंही नाही."

हा पोरगा सगळ्यांसमोर मूर्ख ठरला आणि एक शब्द बोलला नाही. आणि मी खोलीत टाळी वाजवत होते! फार वाईट वाटलं. फार.

नैसुलाला लेशोरेचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दोनदा सांगायला लावले तिनं. मग टोपी मागे सारून जेवायला बसली, तीन चपात्या खाल्ल्या. जाताना दारात थांबली. "आणि ते दुसरं, आई?"

म्हटलं, "झोप आता. होडीचं बघू." पण मला झोप कसली येतेय!

१ जून, रविवार

निघाले. नैसुला सोडायला येतेय, हिरवी टोपी घालून. गाइड म्हणून तिची पहिली फेरी आणि पाहुणी मी!

सामान घेऊन गाडीकडे चालले होते. वळणावर कारिसा समोरून आला, हातात पान्यांची पेटी. मला बघून थबकला आणि टाकीकडे पळायला निघाला. पण आज त्याच्या आधी मी वाट सोडली. शुका डोक्यावरून तोंडावर ओढली आणि झाडाकडे तोंड करून, त्याला पाठ देऊन उभी राहिले. नीट. लेमायानसाठी उभी राहते तशी.

मागे पेटी खाली पडली. पाने दगडांवरून खणखणत गेले.

म्वेन्देबाई पळत आल्या, "अजून राग आहे का हो त्याच्यावर?" लेशोरे म्हणाला, "गप्प बसा बाई, सोयरीक होतेय!"

गाडीत नैसुला एकीकडे रडतेय, एकीकडे हसतेय, आणि नुसती किल्ली फिरवतेय. गाडी काही चालू होत नाही. अर्धा तास झाला, म्हणून हे इथेच बसून लिहितेय. दुरुस्त करणारा डोंगरावर एकच आहे, आणि त्याला आता मी जन्मात हाक मारायची नाही.